जुन्या कॉम्प्युटरातील पत्रे : कुलूप कुणाच्या नावावर?



शेती व आरोग्याच्या पानावर कॉम्प्युटरचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. उत्तर सोपे आहे. उताऱ्याची नक्कल, कर्जफेडीचा दाखला, विम्याची पावती, इस्पितळातून घरी सोडताना दिलेला अहवाल, ही कागदे गेली पंधरा-वीस वर्षे ईमेलने येऊ लागली आहेत. पूर्वी ती पत्र्याच्या ट्रंकेत असत. ट्रंकेची चावी हरवली तर कुलूप तोडता येई. कॉम्प्युटरच्या ट्रंकेपुढे मात्र शहाणी माणसेही हात टेकतात आणि कधीकधी आतले सगळे पुसून टाकायला स्वतःच होकार देऊन बसतात. ते टळावे म्हणून आजचा पाठ.

यंदा हा प्रश्न पुष्कळ घरांत उभा आहे. विंडोज 7 साठीच्या दुरुस्त्या 14 जानेवारी 2020 रोजी थांबल्या आणि विंडोज 10 साठीच्या नेहमीच्या दुरुस्त्या 14 ऑक्टोबर 2025 रोजी. त्यामुळे लोक नवा कॉम्प्युटर घेत आहेत आणि जुना माळ्यावर जात आहे. पत्रे मात्र त्या जुन्यातच राहतात.

समजा, लोंढ्याजवळच्या एखाद्या वाडीवर एक घर आहे. भाताचे शेत, थोडे काजू, एक मुलगा जहाजावर. वडिलांच्या हृदयात 2012 साली स्टेंट बसवला. त्याचा अहवाल इस्पितळाने ईमेलने पाठवला आणि तो विंडोज 7 च्या कॉम्प्युटरवर 'विंडोज लाइव्ह मेल' या टपालाच्या प्रोग्रॅममध्ये उतरला. आज वडिलांच्या छातीत पुन्हा दुखते आहे. नवे डॉक्टर विचारतात, "स्टेंट कोणता, कोणत्या नळीत, तेव्हा औषधे कोणती दिली होती?" जुना कॉम्प्युटर पावसाळ्यात विजेच्या दणक्याने बंद पडलेला आहे. धाकट्याने त्यातली डिस्क काढून यूएसबीच्या डबीत घातली आणि नव्या कॉम्प्युटरला जोडली. डिस्क दिसली. वडिलांच्या नावाचे फोल्डरही दिसले. त्यावर क्लिक करताच पाटी आली : 'ॲक्सेस डिनाइड', म्हणजे प्रवेश नाही. शेजारच्याने सांगितले, "डिस्क गेली. फॉरमॅट कर."

येथेच थांबावे. डिस्क गेलेली नाही. जी डिस्क खरोखर जाते ती अशी सभ्य भाषेत उत्तर देत नाही. ती टक्‌टक्‌ आवाज करते, मध्येच नाहीशी होते किंवा तिचा आकार चुकीचा दाखवते. तसे झाले तर ती तत्काळ बंद करून जाणकाराकडे न्यावी, पुन्हापुन्हा जोडून पाहू नये. पण 'प्रवेश नाही' ही पाटी हक्काची आहे, बिघाडाची नाही. फॉरमॅट करणे म्हणजे उतारा नावावर नाही म्हणून उभे पीक जाळण्यासारखे आहे.

आता हे कुलूप कसे चालते ते पाहू. विंडोज आपल्याला माणसाच्या नावाने ओळखते असे आपण समजतो. तसे नाही. प्रत्येक खाते तयार होताना कॉम्प्युटर त्याला एक लांबलचक क्रमांक देतो. 'एस-1-5-21' ने सुरू होणारा हा क्रमांक त्या यंत्रापुरता असतो आणि फोल्डरवर मालक म्हणून नाव नव्हे, तोच लिहिला जातो. नव्या कॉम्प्युटरवर तुम्ही वडिलांचे तेच नाव, तोच पासवर्ड ठेवलात तरी क्रमांक वेगळाच पडतो. जुन्या फोल्डरच्या दृष्टीने तुम्ही परके.

आपल्या घरांत नातवाला आजोबाचे नाव ठेवण्याची रीत आहे. शेत आजोबाच्या नावावर आणि नातवाचे नाव तेच. म्हणून नातू मालक झाला काय? कचेरी विचारते, वारसा नोंद झाली का? नोंद झाली नाही तोवर उताऱ्यावरचे नाव आजोबाचेच, मग दोघांची नावे अक्षरशः सारखी असोत. फोल्डरचे नेमके तसेच आहे. नाव जुळून भागत नाही, नोंद बदलावी लागते.

उताऱ्याचा दाखला मुद्दाम दिला, कारण कॉम्प्युटरवरील हक्क म्हणजे काय हे आपण शेतकऱ्यांनी कचेरीत डोळ्यांनी पाहिलेले आहे. कर्नाटक सरकारच्या 'भूमी' योजनेने 2000 सालच्या सुमारास हाताने लिहिलेले उतारे कॉम्प्युटरवर आणले, सुमारे 67 लाख शेतकऱ्यांचे सुमारे 2 कोटी उतारे. पूर्वी दप्तर तलाठ्याकडे असे आणि त्यात कुणी केव्हा काय खोडले ते कळत नसे. 'भूमी'मध्ये उतारा पाहण्याचा, नक्कल घेण्याचा हक्क सर्वांना आहे, पण नोंद बदलण्याचा हक्क ठरावीक माणसांनाच, आणि तोही बोटाचा ठसा देऊन. पासवर्ड दुसऱ्याला सांगता येतो, बोट उसने देता येत नाही. कोणती नोंद कुणी केली हेही मागे राहते. वाचण्याचा हक्क एक, लिहिण्याचा दुसरा, आणि हे हक्क वाटणारा मालक तिसरा. घरच्या कॉम्प्युटरात हेच तीन प्रकार आहेत. फरक एवढाच की घरात तहसीलदारही आपणच असतो.

म्हणजे आपल्याला फेरफार करायचा आहे. पण त्याआधी एक गोष्ट तपासावी, कारण तिने कधीकधी सारा खटाटोप वाचतो. पत्रे खरोखर फक्त जुन्या डिस्कवरच आहेत काय? त्या पत्त्याचा पासवर्ड आठवत असेल तर ब्राउझरमधून टपाल उघडून पाहावे. ईमेल घरी आणण्याच्या दोन रीती आहेत. 'आयमॅप' रीतीत पत्र कंपनीच्या यंत्रावर राहते आणि घरी त्याची प्रत दिसते. 'पॉप' रीतीत पत्र घरी उतरते आणि पुष्कळदा तिकडून पुसले जाते. पोस्टमनने पत्र हातात दिल्यावर पोस्टात काय उरणार? जुने प्रोग्रॅम बहुधा 'पॉप'वर चालत, म्हणून दहा-पंधरा वर्षांपूर्वीची पत्रे केवळ घरच्या डिस्कवर असण्याचा संभव मोठा.

आता डिस्ककडे वळू. पूर्ण डिस्कची मालकी बदलायच्या मागे लागू नये. आपल्याला वडिलांच्या नावाचे एकच फोल्डर हवे. विंडोज 7 च्या डिस्कवर ते 'यूझर्स' या फोल्डरात असते. तेथे 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' नावाचेही एक दार दिसेल, तेही 'प्रवेश नाही' म्हणेल, आणि लोक त्याच्याशीच तासन्‌तास झुंजत बसतात. ते खरे फोल्डर नव्हे. जुन्या प्रोग्रॅमांच्या सोयीसाठी ठेवलेला तो एक सांधा आहे आणि तो मुद्दामच बंद आहे. त्याला इंग्रजीत 'जंक्शन'च म्हणतात. बेळगावहून आलेली गाडी येथून गोव्याकडेही जाते आणि हुबळीकडेही, हे ज्यांनी रोज पाहिले त्या लोंढेकरांना जंक्शन समजावून सांगायला नको. जंक्शनवर कुणी घर बांधत नाही. ते सोडून द्यावे. मात्र डिस्क विंडोज एक्सपीची असेल तर 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' हेच खरे फोल्डर असते.

वडिलांच्या फोल्डरवर दोनदा क्लिक केल्यावर 'कंटिन्यू' असे बटण असलेली पाटी आली तर ते दाबून पाहावे. ते दाबले की तुमचे नाव त्या फोल्डरच्या यादीत कायमचे लिहिले जाते आणि पुष्कळदा एवढ्यानेच काम होते. न झाल्यास फोल्डरवर उजवे क्लिक करून 'प्रॉपर्टीज', त्यात 'सिक्युरिटी', त्यात 'ॲडव्हान्स्ड' येथे जावे. वर 'ओनर' म्हणजे मालक लिहिलेला असतो. तेथे बहुधा नावाऐवजी तो लांब क्रमांकच दिसेल. नव्या कॉम्प्युटरला त्या क्रमांकाचा माणूस ठाऊक नाही, त्याचीच ती खूण. 'चेंज' दाबून आपल्या खात्याचे नाव द्यावे आणि खाली 'रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स' या ओळीपुढे बरोबरची खूण करावी. ही खूण राहिली तर फाटकाची मालकी तुमची होते आणि आतल्या खोल्या परक्याच राहतात. घोटाळा येथेच फार होतो. मालकी मिळाल्यावर पाटी बंद करून पुन्हा उघडावी आणि आपल्या खात्याला 'फुल कंट्रोल' द्यावा. मालक होणे आणि हक्क मिळणे या दोन वेगळ्या नोंदी आहेत. हे काम 'ॲडमिनिस्ट्रेटर' दर्जाच्या खात्यातूनच होते. फायली हजारोंनी असल्या तर वेळ लागतो, तेव्हा मध्येच वायर उपटू नये. दिवे जाण्याचा संभव असेल तर लॅपटॉपवर, बॅटरी भरून करावे.

कुणी सल्ला देईल की 'एव्हरीवन'ला फुल कंट्रोल देऊन टाका, कटकट मिटेल. कटकट मिटते आणि कुंपणही मिटते. तसे करू नये.

फोल्डर उघडले की आतील टपाल 'ॲपडेटा', 'लोकल', 'मायक्रोसॉफ्ट', 'विंडोज लाइव्ह मेल' अशा वाटेने सापडते. 'ॲपडेटा' हे लपवलेले फोल्डर असल्याने 'व्ह्यू'मध्ये जाऊन लपलेल्या वस्तू दाखवा असे सांगावे लागते. 'विंडोज लाइव्ह मेल' हे सगळे फोल्डर उचलून नव्या कॉम्प्युटरवर कॉपी करावे. कॉपीच करावे, हलवू नये. याला दोन कारणे आहेत. एक तर बियाणे सगळेच्या सगळे पेरणारा शेतकरी आपण पाहिलेला नाही. दुसरे असे की एकाच डिस्कवर फाईल हलवली तर जुनी कुलपे तिच्याबरोबर जातात, पण कॉपी केली तर ती ज्या जागी उतरते तेथले हक्क घेते. नवी जागा तुमची, म्हणून कॉपीही तुमची. यापुढचे सर्व काम या कॉपीवर करावे आणि जुनी डिस्क काढून कोरड्या जागी ठेवावी. आपल्याकडच्या पावसात कोरडी जागा म्हणजे झाकणाच्या डब्यात, ओलाव्याची भिंत टाळून.

कॉपी पेनड्राइव्हवरून न्यायची असेल तर एक ध्यानात ठेवावे. पुष्कळ पेनड्राइव्ह 'फॅट 32' पद्धतीचे असतात. त्यांवर हक्कांची नोंद मुळी राहतच नाही, हा एका परीने फायदाच. पण 4 जीबीपेक्षा मोठी एकसलग फाईल त्यांत मावत नाही. पेनड्राइव्ह 64 जीबीचा आणि रिकामा असूनही 'फाईल फार मोठी' असे का म्हणतो, याचे कारण हे.

आता वडिलांच्या अहवालाची घाई आहे, तेव्हा एक युक्ती आधी सांगतो. विंडोज लाइव्ह मेल प्रत्येक पत्र '.ईएमएल' शेपटीच्या वेगळ्या फाइलीत ठेवत असे आणि जोडलेला कागदही त्याच फाइलीत असतो. नव्या कॉम्प्युटरवर 'थंडरबर्ड' हा फुकट मिळणारा टपालाचा प्रोग्रॅम घालावा. मग 2012 सालच्या त्या महिन्याच्या फायली तारखेने शोधून एकेकीवर दोनदा क्लिक करावे. पत्र उघडते, जोडलेला अहवाल उतरवून छापता येतो. एका कागदासाठी सारी कोठी हलवण्याची गरज नाही. शोधताना इतरांची पत्रे उघडतील. दुसऱ्याच्या नावाचे पाकीट फोडू नये ही आपली जुनी रीत कॉम्प्युटरलाही लागू आहे. वडील समोर आहेत, त्यांना विचारूनच करावे.

डॉक्टरांचे काम झाल्यावर उरलेली पत्रे सावकाश आत घ्यावी. यालाच 'इंपोर्ट' म्हणतात आणि येथे पुन्हा अडखळायला होते. विंडोज लाइव्ह मेलला कंपनीचा आधार 10 जानेवारी 2017 रोजी संपला. तरीही काही घरांत तो अजून चालू आहे. त्यात जुनी पत्रे घेऊ गेले की पाटी येते : या फोल्डरात एकही पत्र नाही, किंवा दुसऱ्या प्रोग्रॅमने फायली उघडून ठेवल्या आहेत. डोळ्यांसमोर शेकडो पत्रे असताना 'एकही नाही' वाचून माणूस हैराण होतो. कारणे बहुधा तीनच. टपालाचा दुसरा प्रोग्रॅम खरोखरच उघडा आहे, तो बंद करावा. किंवा फोल्डर चुकीचे निवडले आहे. आउटलुक एक्सप्रेसची पत्रे घेताना तर एकटी 'इनबॉक्स'ची '.डीबीएक्स' फाईल चालत नाही, यादीची 'फोल्डर्स' ही '.डीबीएक्स' फाईलही तिच्या शेजारी लागते. ती म्हणजे वहीची अनुक्रमणिका. किंवा मग तिसरे, पुन्हा हक्कच. फायली सीडीवरून उतरवल्या असतील तर त्यांना 'रीड-ओन्ली' म्हणजे फक्त वाचण्याची खूण चिकटून आलेली असते, आणि प्रोग्रॅमला पत्र वाचता वाचता नोंद लिहायचीही असते.

ती खूण काढताना फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'रीड-ओन्ली'पुढे एक भरीव चौकोन दिसतो. तो काढला तरी पुन्हा उघडल्यावर तसाच दिसतो. याने घाबरू नये. फोल्डरवरचा तो चौकोन नुसता दाखवायचा आहे, खूण असते ती आतल्या फायलींना. एखादी फाईल उघडून पाहावी, तिच्यावरची गेली असेल तर काम झाले.

मायक्रोसॉफ्टचे मोठे 'आउटलुक' वापरणाऱ्यांची पत्रे '.पीएसटी' नावाच्या एकाच फाइलीत असतात. 'आउटलुक 2002' पर्यंत त्या फाइलीची मर्यादा 2 जीबी होती. फाईल त्या काठाला पोचली की ती बिघडे आणि दोष परवानगीला दिला जाई. शिवाय सीडीवर किंवा फक्त वाचण्याच्या जागी ठेवलेली '.पीएसटी' आउटलुकला उघडताच येत नाही. नुसते वाचायचे असले तरी लिहिण्याचा हक्क हवा. तेव्हा ती आधी आपल्या डिस्कवर कॉपी करून मगच उघडावी.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी थंडरबर्डमध्येच सारे आणावे हे बरे. 'इंपोर्ट-एक्सपोर्ट टूल्स एनजी' नावाची एक फुकट जोडणी त्यात घालता येते. ती '.ईएमएल' फायलींचे पूर्ण फोल्डर, आतल्या फोल्डरांसकट, एकदम आत घेते. ती पत्रे 'लोकल फोल्डर्स'मध्ये घालावी. जुना एक्सपीचा कॉम्प्युटर अजून सुरू होत असेल तर आउटलुक एक्सप्रेसमधील पत्रे निवडून डेस्कटॉपवरच्या रिकाम्या फोल्डरात ओढावी, प्रत्येक पत्राची '.ईएमएल' होऊन पडते. '.डीबीएक्स'शी झगडण्यापेक्षा हे कितीतरी सोपे.

पत्रे आत आली की थंडरबर्डमध्ये जीमेलचे खाते 'आयमॅप' रीतीने जोडून जुनी पत्रे त्यात ओढता येतात. मग ती जहाजावरच्या मुलालाही दिसतात. जीमेलची फुकट जागा 15 जीबी, आणि त्यात फोटोही धरले जातात, म्हणून महत्त्वाचीच ओढावी. जुन्या प्रोग्रॅममधून जीमेल जोडताना पासवर्ड बरोबर असूनही 'चूक' म्हणत असेल तर डोके आपटून घेऊ नये. गूगलने 30 मे 2022 पासून नुसत्या नेहमीच्या पासवर्डवर जुन्या प्रोग्रॅमांना आत घेणे बंद केले आहे. थंडरबर्ड गूगलचीच खिडकी उघडून विचारतो, म्हणून त्याला अडचण येत नाही.

फेरफाराने न उघडणारे कुलूपही एक आहे, ते सांगितलेच पाहिजे. फाइलींची नावे हिरव्या अक्षरांत दिसली तर त्या सांकेतिक लिपीत बांधलेल्या असतात. मालकी बदलली तरी त्या उघडत नाहीत. त्यांना जुन्या खात्याची किल्ली, म्हणजे 'सर्टिफिकेट' लागते. पूर्ण डिस्कच 'बिटलॉकर'ने बांधली असेल तर 48 अंकी क्रमांक मागितला जातो. नव्या लॅपटॉपांत हे कुलूप आपोआप लागलेले असू शकते, तेव्हा ते अंक आजच आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून पाहून वहीत उतरवावे. वही उताऱ्यांच्या पिशवीतच ठेवावी, लॅपटॉपच्या पिशवीत नव्हे.

वडिलांचा अहवाल सापडला की त्याच्या दोन छापील प्रती काढाव्या. एक डॉक्टरांकडे न्यायच्या फाइलीत लावावी, दुसरी घरात रेशनकार्डाजवळ. रात्री-अपरात्री बेळगावला न्यायची वेळ आली तर शेजाऱ्यालाही ती कोठे आहे हे ठाऊक असावे.